बीव्हर परतले, आता ओढ्याकाठची पट्टी त्यांना कोण देणार?

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाकडे डेव्हन नावाचा परगणा आहे. तिथे ओटर नावाची एक छोटी नदी समुद्राला मिळते. ओटर म्हणजे आपलं पाणमांजर. या पाणमांजराच्या नदीवर २०१४ साली एका वेगळ्याच प्राण्याची पिल्लं कॅमेऱ्यात दिसली. तो प्राणी होता बीव्हर. इंग्लंडच्या मोकळ्या नदीत बीव्हरची पिल्लं दिसण्याची ही सुमारे चारशे वर्षांतली पहिलीच वेळ होती.

हे बीव्हर तिथे आले कसे, याची कुठेच नोंद नव्हती. त्यांच्या पोटात माणसाला घातक ठरणारा एक पट्टकृमी असेल, अशीही भीती होती. म्हणून ते पकडून बंदिस्त जागेत हलवायचे, असं सरकारने ठरवलं. नदीकाठच्या लोकांना ते पटलं नाही. त्यांनी आवाज उठवला, प्रकरण कोर्टाच्या दारापर्यंत गेलं. अखेर प्राणी पकडून तपासले, ते निरोगी निघाले, आणि २०१५ च्या मार्चमध्ये त्यांना पुन्हा त्याच नदीत सोडण्यात आलं. परवानगी होती पाच वर्षांची. या काळात डेव्हन वाइल्डलाइफ ट्रस्ट ही संस्था आणि एक्सेटर विद्यापीठाचे संशोधक यांनी नदीवर बारीक लक्ष ठेवलं. ऑगस्ट २०२० मध्ये सरकारने जाहीर केलं, की हे बीव्हर इथेच राहतील.

मला या गोष्टीत प्राण्याइतकाच त्याच्या बंधाऱ्यात रस आहे. पाणलोटाचं काम जवळून पाहिलेल्या कुणालाही हा प्राणी काय करतो ते चार शब्दांत सांगता येईल : पाणी अडवतो, पाणी जिरवतो.

आधी प्राण्याची ओळख. बीव्हर हा उंदीर, खार, साळिंदर यांच्यासारखा कुरतडणारा प्राणी. वाढ झालेल्या बीव्हरचं वजन वीस ते तीस किलो, म्हणजे साधारण अर्धं पोतं धान्याएवढं. शेपूट रुंद, चपटी, खवल्याखवल्यांची. पुढचे दात नारिंगी असतात, कारण त्यांच्या वरच्या थरात लोह असतं. हे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि लाकूड कातरून कातरून आपोआप धार धरतात. आपल्याकडच्या नद्यांत हा प्राणी नाही, त्यामुळे मराठीत त्याला स्वतःचं नावही नाही, आणि पुष्कळदा त्याची पाणमांजराशी गल्लत होते. पाणमांजर मासे खातं. बीव्हर मासा तोंडातही धरत नाही. त्याचं खाणं म्हणजे झाडाची साल, कोवळ्या फांद्या, पानं, पाणवनस्पती.

मग शाकाहारी प्राण्याला बंधारा कशाला लागतो? जीव वाचवायला. जमिनीवर बीव्हर मंद आणि बेढब. लांडगा किंवा अस्वल आलं तर त्याला पळता येत नाही. पाण्यात मात्र तो पटाईत. म्हणून तो घराचं दार पाण्याखाली ठेवतो. फांद्या आणि चिखल यांचा ढीग रचून केलेलं त्याचं बिऱ्हाड आतून कोरडं असतं, पण आत शिरायची वाट पाण्यातूनच जाते. पाणी उतरलं की दार उघडं पडतं. ओढा उथळ असेल, साधारण पाऊण मीटरपेक्षा कमी खोल असेल, तर तो बांध घालून पाणी वर चढवतो. मोठ्या, खोल नदीत तो बांधाच्या फंदात पडत नाही, काठात बीळ खणून राहतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे शेतकऱ्यांच्या तक्रारी समजून घेताना तो उपयोगी पडेल.

बांध घालण्याची ओढ या प्राण्यात किती खोल रुजली आहे, हे स्वीडनचे संशोधक लार्स विल्सन यांनी १९६० च्या दशकात पाळलेल्या बीव्हरवर प्रयोग करून दाखवलं. वाहत्या पाण्याचा नुसता ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला, तर बीव्हर त्या आवाजाच्या दिशेने फांद्या आणून रचायला लागत. पाण्याची खळखळ म्हणजे कुठेतरी गळती, आणि गळती दिसली की बुजवायची, एवढं त्यांना पुरतं. म्हणूनच बंधारा रात्रीतून फुटला तरी सकाळपर्यंत बऱ्याचदा त्याची डागडुजी झालेली असते.

एवढा चिवट प्राणी संपला कसा? माणसाने त्याला अंगावरच्या केसांपासून शेपटीपर्यंत वापरला. त्याच्या बारीक, दाट केसांपासून उत्तम नमदा होतो, आणि युरोपात शतकानुशतकं भारी टोप्या याच नमद्याच्या बनत. शेपटीवर खवले आहेत आणि राहतो पाण्यात, म्हणून ख्रिस्ती उपवासाच्या दिवसांत त्याचं मांस माशात मोजून खाल्लं जाई. आणि त्याच्या शेपटीजवळच्या पिशव्यांतून निघणारा वासाचा पदार्थ औषधात आणि अत्तरात जाई. हा शेवटचा धागा आपल्यापर्यंत पोचतो : युनानी औषधांतलं जुंदबेदस्तर ते हेच. १९०० च्या सुमारास युरोप आणि आशिया मिळून अवघे १,२०० बीव्हर उरले होते. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीवर, जर्मनीत एल्बवर, नॉर्वेच्या टेलेमार्क भागात, आजच्या बेलारूस-रशियाच्या काही नद्यांत आणि मंगोलियाच्या बाजूला, असे इथे मूठभर, तिथे मूठभर.

नॉर्वेने १८४५ मध्येच शिकारीवर बंदी घातली म्हणून तिथे बीज शिल्लक राहिलं. स्वीडनमध्ये शेवटचा बीव्हर १८७१ मध्ये मारला गेला आणि संरक्षणाचा कायदा आला १८७३ मध्ये. दोन वर्षांचा उशीर. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिलो. पुढे १९२२ मध्ये स्वीडनने नॉर्वेकडूनच बीव्हर आणून आपल्या नद्यांत सोडले. तिथून ही परतीची वाट सुरू झाली. आज युरोप-आशियातली त्यांची संख्या दहा लाखांच्या वर गेली आहे.

अमेरिकेचा बीव्हर दिसायला असाच, पण जात वेगळी. युरोपीय बीव्हरची गुणसूत्रं ४८, अमेरिकी बीव्हरची ४०, त्यामुळे दोघांचा संकर होत नाही. हे माहीत नसल्याने फिनलंडने १९३७ मध्ये नॉर्वेच्या बीव्हरसोबत अमेरिकी बीव्हरही सोडून दिले, आणि आज त्या देशात दोन्ही जाती नांदतात. अमेरिकेतही फरसाठी त्यांची अतोनात कत्तल झाली होती. १९४८ मध्ये आयडाहो राज्याच्या वन्यजीव खात्याने तर दुर्गम डोंगरांत बीव्हर पोचवण्यासाठी युद्धातून उरलेल्या हवाई छत्र्या वापरल्या. जमिनीला टेकताच आपोआप उघडणारी लाकडी पेटी तयार केली, आणि ७६ बीव्हर विमानातून खाली सोडले. त्यातला एक दगावला, बाकी सगळे सुखरूप उतरले. खेचरांच्या पाठीवरून उन्हात दिवसचे दिवस नेताना बीव्हर मरत, त्यापेक्षा हे बरं, असा त्यामागचा हिशेब होता.

आता मुख्य मुद्दा, बंधारा आणि पाणी.

धावत्या पाण्याला चालायला लावा, चालत्याला थांबवा, थांबलेल्याला जिरवा : महाराष्ट्रात पाणलोटाच्या कामावर गेलेल्या प्रत्येकाने हे ऐकलेलं असतं. आपण माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर, दगडी बांध, नालाबांध घालतो. पावसाळा सरताना गावकरी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारा घालतात. बीव्हरचा बांध कुळाने या कच्च्या बंधाऱ्याच्या जवळचा. फांद्या, दगड, चिखल, गवत यांचा, मुद्दाम केल्यासारखा झिरपता. तो पाणी पूर्ण कोंडत नाही, रेंगाळायला लावतो. आणि बीव्हर एका बंधाऱ्यावर थांबत नाही. वरच्या तळ्याचं पाणी खालच्या तळ्यात, त्याचं त्याच्या खालच्यात, अशी उतरंड तयार होते. आपल्याकडे साखळी बंधारे म्हणतात, तशीच.

पश्चिम डेव्हनमध्ये २०११ साली बीव्हरची एक जोडी कुंपण घातलेल्या लहानशा जागेत सोडली होती. आत ओढ्याची लांबी होती फक्त १८३ मीटर. एवढ्या अंतरात त्यांनी १३ बांध घातले. त्या तळ्यांत मिळून सुमारे १० लाख लिटर पाणी साठू लागलं. दहा हजार लिटरचे शंभर टँकर डोळ्यांसमोर आणा, म्हणजे दोन प्राण्यांपासून सुरू झालेल्या या कामाचा आवाका कळेल. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी ओढा आत शिरतो तिथे आणि बाहेर पडतो तिथे मापयंत्रं बसवली. पावसानंतर पाण्याचा जो सर्वात मोठा लोंढा येतो, तो बाहेर पडताना सरासरी ३० टक्क्यांनी कमी झालेला आढळला.

हे कसं होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण इथे पुष्कळांचा घोळ होतो. बीव्हर पाणी नाहीसं करत नाही. पाऊस तेवढाच पडतो, आणि त्यातलं बरंचसं पाणी उशिरा का होईना, खाली जातंच. पण पूर येतो तो एकूण पाणी किती आलं यावर नव्हे, एकाच वेळी किती आलं यावर. दादर स्टेशनच्या पुलावरून दिवसभरात किती माणसं जातात, याने चेंगराचेंगरी होत नाही. तीन गाड्या एकदम लागल्या आणि सगळे एकाच मिनिटाला पुलावर आले, की होते. बीव्हरची तेरा तळी म्हणजे वाटेत तेरा ठिकाणी क्षणभर थांबवलेली गर्दी. पाणी तळ्यातून बाजूला पसरतं, गवतातून, लव्हाळ्यांतून वाट काढतं, आणि पुलाशी एकदम न येता हळूहळू पोचतं. ओटर नदीच्या खोऱ्यातही ईस्ट बडली या पूर सोसणाऱ्या गावाच्या वरच्या ओढ्यावर बीव्हरने बांध घातले, आणि तिथेही लोंढा मंदावल्याचं मोजमापात दिसलं.

तेच पाणी कोरड्या दिवसांत झिरपत राहतं, आसपासच्या जमिनीची पाणीपातळी वर धरून ठेवतं. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या वणव्यांचा अभ्यास करून संशोधक एमिली फेअरफॅक्स यांनी २०२० मध्ये दाखवलं, की ज्या ओढ्यांवर बीव्हरचे बांध होते, त्यांच्या काठची हिरवळ आगीतही टिकून राहिली. भोवती डोंगर काळे आणि मध्ये हिरवी रेघ.

गाळाची गोष्ट मला सर्वात जास्त भिडते. डेव्हनच्या त्या १३ तळ्यांत १०० टनांहून अधिक गाळ साचलेला आढळला. त्यातली बहुतेक माती वरच्या शेतजमिनीतून वाहून आलेली होती. तिच्यात सुमारे १ टन नायट्रोजन होतं. म्हणजे खत घालून वाढवलेली जमीन पावसाबरोबर नदीत चालली होती, ती बीव्हरने वाटेत धरली. बांध नसते तर ही माती नदीचा तळ भरत गेली असती आणि खत पाण्यात शेवाळ वाढवत बसलं असतं. त्याच जागेत बेडकांच्या अंड्यांचे पुंजके २०११ मध्ये १० मोजले होते, काही वर्षांत ते पाचशेच्या वर गेले. बीव्हर झाड पाडतो ते वाईट दिसतं खरं, पण विलो, म्हणजे आपल्या नदीकाठच्या वाळुंजाची भावंडं, बुंध्यातून पुन्हा फुटतात. दाट फुटवे येतात, ऊन तळापर्यंत पोचतं, कुजत्या लाकडात किडे येतात, किड्यांमागून पक्षी आणि वटवाघळं.

चेक प्रजासत्ताकात बर्डी नावाचं संरक्षित क्षेत्र आहे. तिथे पाणथळ जागा पूर्ववत करण्यासाठी बांध घालायची योजना होती. २०१८ पासून ती परवानग्या आणि जमिनीच्या वाटाघाटींत अडकून पडली होती. तोवर बीव्हरने नेमक्या हव्या तिथे बांध घालून टाकले. सुमारे ३ कोटी कोरुना वाचल्याचं २०२५ च्या सुरुवातीला तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं. कागदावरची योजना आणि ओढ्यातलं काम यांतलं अंतर आपल्याला नवं नाही, म्हणून ही बातमी वाचून मला मनापासून आनंद झाला.

पण बर्डीत जमीन सरकारी होती. जिथे जमीन शेतकऱ्याची असते तिथे गोष्ट बदलते.

स्कॉटलंडमध्ये बीव्हर दोन वाटांनी परतले. पश्चिमेला नॅपडेलच्या जंगलात २००९ मध्ये नॉर्वेहून आणलेली कुटुंबं रीतसर परवानगीने, मोजमाप करत सोडली. पूर्वेला टे नदीच्या खोऱ्यात मात्र निसटलेले किंवा परवानगीशिवाय सोडलेले बीव्हर आपोआप वाढले. टेच्या काठची सखल जमीन स्कॉटलंडच्या सर्वोत्तम शेतीत मोडते. पूर्वजांनी चर खणून तिचं पाणी बाहेर काढलं, नदीला मातीचे तट बांधले, तेव्हा कुठे तिथे बटाटा आणि धान्य पिकू लागलं. आता ज्या चरातून पाणी बाहेर जायला हवं त्यातच बीव्हर बांध घालतो, आणि पाणी मागे शेतात चढतं. जिथे नदी खोल आहे तिथे तो मातीच्या तटात बीळ करतो, आणि पुरात तट तिथूनच खचतो. या शेतकऱ्याच्या बाजूने बघा. त्याला बेडूक नको आहेत असं नाही. पण खालच्या गावात पूर कमी व्हावा म्हणून त्याच्या बटाट्याने पाण्यात का कुजावं, हा त्याचा प्रश्न खरा आहे. धरणाचं पाणी एकाला आणि बुडीत जमीन दुसऱ्याची, हे दुखणं महाराष्ट्राला समजावून सांगावं लागत नाही.

१ मे २०१९ ला स्कॉटलंडने बीव्हरला कायद्याचं संरक्षण दिलं. पण शेतीचं गंभीर नुकसान होत असेल तर परवाना घेऊन मारण्याची सोयही ठेवली. त्या वर्षअखेरपर्यंत परवान्याने ८७ बीव्हर मारले गेले. एका हाताने संरक्षण आणि दुसऱ्या हाताने बंदूक, हे अनेकांना सहन झालं नाही. प्रकरण कोर्टात गेलं, आणि २०२१ मध्ये निकाल लागला, की मारण्याचा परवाना देताना त्याची कारणं लेखी द्यावी लागतील. त्यानंतर सरकारचं धोरणही बदललं : मारण्यापेक्षा पकडून दुसरीकडे हलवण्यावर भर द्यायचा.

दरम्यान रोजच्या भांडणाला साधे उपाय सापडले आहेत. बांधाच्या आरपार एक जाड नळी घालायची, तिचं वरचं तोंड तळ्यात खोलवर जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायचं. पाणी ठरलेल्या पातळीवर राहतं, आणि नळीजवळ खळखळ होत नाही म्हणून बीव्हरला गळती कळत नाही. त्याच्या कानावरच हा उपाय उभा आहे. जुन्या किंवा मोलाच्या झाडांच्या बुंध्यांना जाळी बांधायची, किंवा वाळू मिसळलेला रंग फासायचा, कारण दाताखाली खर आलेली त्याला आवडत नाही. जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात बीव्हर १९६६ पासून सोडले गेले आणि आज तिथे ते हजारोंनी आहेत. तिथे गावोगावी प्रशिक्षित बीव्हर सल्लागार आहेत, शेतकऱ्याने बोलावलं की ते येऊन बघतात, आणि पिकाच्या नुकसानीसाठी भरपाईचा निधी आहे.

सर्वात मोठा उपाय मात्र जमिनीचा आहे. बीव्हर आपलं बहुतेक खाणं काठापासून वीस मीटरच्या आत उरकतो, कारण त्याहून दूर जाणं त्याला धोक्याचं वाटतं. ओढ्याच्या दोन्ही बाजूंना एवढी पट्टी विलो-गवताला सोडली, तर बरीचशी तक्रार मुळातच उद्भवत नाही. आणि या पट्टीचे पैसे शेतकऱ्याला मिळायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पूर अडला, माती थांबली, पाणी स्वच्छ झालं, याचा फायदा खालच्या शंभर घरांना होतो. मग पट्टीचं भाडं एकट्या वरच्या शेतकऱ्याने का भरावं?

हे सगळं खरं आहे ते तो प्राणी मूळचा जिथला आहे तिथे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, तिएरा देल फुएगो बेटावर, अर्जेंटिनाने १९४६ मध्ये फर धंद्यासाठी कॅनडातून २० बीव्हर आणून सोडले. तिथे त्यांना खाणारा मोठा शिकारी नव्हता, आणि तिथल्या बीच झाडांना बुंध्यातून फुटवे येत नाहीत. बीव्हरची संख्या हजारोंवर गेली आणि ओढ्याकाठचं जंगल पांढरं, वाळकं होऊन उभं राहिलं. तोच प्राणी, तोच बंधारा. फरक एवढाच, की युरोपातला विलो हजारो वर्षं त्याच्या दातांसोबत वाढला आणि तिथलं बीच वाढलं नाही.

इंग्लंडने ऑक्टोबर २०२२ पासून बीव्हरला कायदेशीर संरक्षण दिलं. मार्च २०२५ मध्ये डॉर्सेट परगण्यातल्या पर्बेक भागात नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या जमिनीवर चार बीव्हर सोडले गेले, पूर्ण मोकळ्या जागेत, सरकारी परवान्याने. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये स्कॉटलंडहून आणलेलं पाच जणांचं एक कुटुंब लंडनच्या ईलिंग भागात, ग्रीनफर्डमधल्या एका कुंपणाच्या आतल्या माळावर पोचलं. साउथॉलही याच ईलिंगमध्ये येतं, जिथे भारतीय माणसांची दाट वस्ती आहे. ग्रीनफर्डच्या भुयारी रेल्वे स्टेशनाजवळचा रस्ता पावसात तुंबत असे, आणि त्या माळावरून येणारा ओढा मंद करणं हे या कुटुंबाला तिथे आणण्याचं एक कारण. ती जागा लोकांना बघायला खुली आहे. कुणाचे नातेवाईक त्या बाजूला राहत असतील तर त्यांनी संध्याकाळी एक चक्कर मारावी. बीव्हर अंधार पडताना बाहेर येतात. ते नाही दिसले, तरी पेन्सिलीसारखे टोक काढलेले विलोचे बुंधे दिसतील, आणि त्यांच्याच बाजूने नव्याने आलेले फुटवेही.